फोटोत माणूस कुठे आहे?

खानदेशात कुणाच्याही हातात फोटो द्या, पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हाऊ कोन शे?" कोण, कुठल्या गावचा, कुणाच्या घरातला. तेवढं कळल्याशिवाय नजर चेहऱ्यावर टिकतच नाही. आणि फोटोत माणूसच नसला तर मोठी पंचाईत. मृगाआधीच्या भेगाळलेल्या काळ्या रानाचा किंवा सारवलेल्या भिंतीवर पडलेल्या बाजेच्या सावलीचा फोटो दाखवला, की तो आधी आडवा-उभा फिरवला जातो, मग डोळ्यांपासून लांब धरला जातो आणि शेवटी जरा काळजीच्या सुरात विचारणा होते, "पन यामा काय शे?"

फोटोग्राफीत बुडालेली माझी मित्रमंडळी या प्रश्नाला हसतात. लोकांना फोटो वाचता येत नाही, ही त्यांची कायमची तक्रार. मला मात्र प्रदर्शनात हात मागे बांधून "वा, काय खोली आहे" म्हणत पुढच्या चौकटीकडे सरकणाऱ्या माणसापेक्षा हा प्रश्न विचारणारा माणूस जास्त आवडतो. चित्रकाराला समोर काही नसलं तरी चालतं, तो मनातलं रान रंगवू शकतो. कॅमेऱ्याला मात्र समोर काहीतरी लागतंच. उजेड कशावर तरी पडून परत आल्याशिवाय फोटो उमटत नाही. तेव्हा 'हे काय आहे' हे विचारणं अडाणीपणाचं नाही, तो फोटोच्या जातीला धरून आलेला प्रश्न आहे. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये लुई दागेरची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली तेव्हापासून जो वाद चालू आहे, की यंत्रानं समोरचं उतरवून घेतलं तर त्यात कला ती कसली, त्याचंही मूळ इथंच आहे. वादात दोन्ही बाजू बोलतात त्या कॅमेऱ्याबद्दल आणि तो धरणाऱ्याबद्दल. बघणाऱ्याचं नाव फारसं निघत नाही. मला वाटतं, अर्धी गंमत त्याच्याच पदरात असते.

आमच्या भागात या विषयावर बोलायचं तर सुरुवात चाळीसगावपासूनच करावी लागते. कैखुश्रू माणेकजी ऊर्फ केकी मूस. जन्म १९१२, मृत्यू १९८९. मुंबईत जन्मलेला हा पारशी कलावंत चाळीसगावात स्टेशनाजवळच्या घरात राहिला आणि आयुष्याची कित्येक दशकं त्या घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. घर आता संग्रहालय आहे. आणि तिथं जाणाऱ्या प्रत्येकाला पाऊल आत टाकायच्या आधीच एक गोष्ट ठाऊक असते. रिक्षावाला सांगतो, एसटीत शेजारी बसलेला सांगतो, नाहीतर घरून निघतानाच कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं. मुंबईत एक प्रेयसी होती, 'पंजाब मेलनं एक दिवस चाळीसगावला येईन' असा शब्द तिनं दिला होता, आणि हा माणूस रोज रात्री ती गाडी येण्याच्या वेळी दार उघडं ठेवून, दिवा लावून तिची वाट बघत राहिला. ती आली नाही.

गोष्ट अशी जबर आहे की तिच्यापुढे कुठलाही फोटो फिकाच पडावा. मी तिथं माणसं बघत बसले होते (फोटो बघून झाल्यावर मला हा छंद लागतो). भिंतीवरच्या चौकटींपुढून माणसं भराभर पुढे सरकत होती आणि दारं-खिडक्यांपाशी थबकत होती. हीच का ती खिडकी? गाडी इथून दिसत असेल का? एखाद्या म्हाताऱ्याचं पोर्ट्रेट आलं की त्याच्या डोळ्यांत विरह सापडत होता. बाईचा चेहरा दिसला रे दिसला की कुजबुज: तीच असेल. ज्यांनी फोटोसाठी समोर बसून घेतलं ती सगळी माणसं, त्यांची नावगावं, त्यांचे कंटाळे आणि दुखणी, सगळं त्या एका न आलेल्या गाडीखाली गेलं.

त्या माणसानं स्वतः एक वेगळी खूण ठेवली होती, तिच्याकडे मात्र कुणी बघत नाही. घराला त्यानं नाव दिलं ते 'रेम्ब्रांट्स रिट्रीट'. प्रेयसीचं नाही, सतराव्या शतकातल्या एका डच चित्रकाराचं. पोर्ट्रेट काढणाऱ्या माणसाला हे नाव म्हणजे उघड चिठ्ठीच आहे. दिवा एका बाजूनं आणि जरा वरून धरायचा, चेहऱ्याचा अर्धा भाग काळोखात जाऊ द्यायचा, पण काळोखातल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण राखायचा. याला आजही स्टुडिओत रेम्ब्रांट लायटिंग म्हणतात. नाक जरा इकडं वळलं की त्रिकोण मिटला. घरमालक पाहुण्याला दारातच सांगतोय की इथं उजेडाकडे बघा, आणि आपण विचारतोय गाडी किती वाजता यायची. विरहाची गोष्ट खोटी असं मी म्हणत नाही. पण ती आधी ऐकली की डोळे तिचेच होऊन बसतात.

मूस यांचं नाव झालं ते मुख्यतः टेबलटॉप फोटोग्राफीसाठी. टेबलावर छोटंसं जग मांडायचं आणि त्याचा फोटो असा काढायचा की बघणाऱ्याला ते खरं वाटावं. कापसाचे ढग, मिठाचा बर्फ, आरशाचं तळं, वाळक्या काटकीचं झाड. कॅमेरा खाली, अगदी टेबलाच्या पातळीवर आणायचा, कारण वरून बघितलं की लगेच खेळणं वाटतं. उजेड एकाच बाजूनं द्यायचा, कारण सूर्य एकच असतो. अॅपर्चर, म्हणजे भिंगातलं उजेडाचं छिद्र, बारीक ठेवून जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट आणायचं, नाहीतर पार्श्वभूमी धूसर होऊन आकाराचं गुपित फुटतं. घराबाहेर न पडणाऱ्या माणसानं घरातल्या टेबलावर डोंगर आणि रस्ते मांडावेत, हे मला त्या मेलगाडीपेक्षा जास्त विलक्षण वाटतं. पण तो माझा कल झाला.

तिथून आल्यावर मलाही खुमखुमी आली. स्वयंपाकघरातल्या पाटावर पीठ ओतलं, पातेल्याच्या काठानं त्याला वळणं दिली, फुंकर मारून वर बारीक लाटा उठवल्या आणि टेबललॅम्प जवळजवळ आडवा धरून फोटो काढला. लाटांच्या एका बाजूला लख्ख उजेड, दुसऱ्या बाजूला गडद सावली. वाळवंट म्हणून चाललं असतं, आणि चाललंही. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं 'जैसलमेरला कधी जाऊन आलात?' विचारलं. पुतण्या म्हणाला, चंद्रावरचा आहे, नासाचा. मी खुशीत होते.

मग फोटो फुईच्या हातात गेला. फुई म्हणजे माझी आत्या, अमळनेरला असते. तिनं मोबाइल नाकाशी नेला, दोन बोटांनी मोठं करायला ती नुकतीच शिकली होती, ते केलं, आणि म्हणाली, "हाई ते कयनानं पीठ शे ना वं!"

पीठ तर पीठ, पण कळण्याचं? मी परत नीट बघितलं. लाटांच्या उजळ बाजूला बारीक काळे ठिपके होते. अख्खे उडीद ज्वारीबरोबर दळले की सालाची ही काळी बुंदी पिठात राहते. सहकाऱ्याला ते ठिपके वाळवंटातले खडे वाटले असतील, पुतण्याला चंद्रावरचे दगड. ज्या बाईनं जन्मभर कळण्याच्या भाकरी थापल्या, तिच्यासाठी तिथं वाळवंट उभंच राहिलं नाही. तिचे डोळे बघत नव्हते, हातच बघत होते. आणि पुढचं वाक्य ऐका: "इतलं पीठ वाया घालं का?" फोटोची याहून नेमकी समीक्षा मला अजून मिळालेली नाही.

तेव्हापासून फोटोचा 'खरा अर्थ' वगैरे शब्द ऐकले की मी जरा सावध होते. तिघांनी एकच फोटो बघितला, तिघांनीही फोटोतलंच बघितलं, बाहेरचं काही आणलं नाही असं तिघंही शपथेवर सांगतील.

या बाबतीत भुसावळची एक कबर मला नेहमी आठवते. मेजर रॉबर्ट गिल. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेतला हा अधिकारी १८४४ मध्ये अजिंठ्याला आला तो लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला करायला. वर्षानुवर्षं मोठमोठ्या कॅनव्हासवर तो रंगवत राहिला. चित्रं लंडनला गेली, क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली गेली, आणि १८६६ च्या आगीत त्यातली बहुतेक जळाली. पण तोवर त्यानं कॅमेराही हाती घेतला होता. १८६४ मध्ये त्याचे वेरूळ-अजिंठ्याचे फोटो वास्तुकलेचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह लंडनमध्ये छापूनही आले. १८७९ मध्ये तो वारला. अजिंठा जिल्ह्याच्या हिशेबानं पलीकडचं, पण जळगावहून तासा-दीडतासाचा रस्ता. आम्ही त्याला आमच्यातलंच धरतो, आणि गिलची माती तर अलीकडेच आहे.

गिलचं नाव काढलं की इथंही आधी पारो येते. गोरा साहेब आणि गावची पोरगी. परत एक प्रेमकथा, परत तिच्या मागे उभे राहिलेले फोटो. आम्हा लोकांना कलावंत प्रेमात पडलेलाच लागतो, त्याशिवाय त्याच्या कामाकडे बघण्याचं कारण सापडत नाही की काय कोण जाणे.

त्याच्या फोटोंची खरी मजा अशी की ते जोडफोटो आहेत, स्टीरिओस्कोपिक. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण अडीच इंचांचं अंतर असतं, त्यामुळे दोन्ही डोळ्यांना समोरचं जग किंचित वेगळं दिसतं. तसेच किंचित वेगळे दोन फोटो काढायचे, पुठ्ठ्यावर शेजारी-शेजारी चिकटवायचे आणि दोन भिंगांच्या दुर्बिणीसारख्या यंत्रातून बघायचे. डावा डोळा डावा फोटो बघतो, उजवा उजवा. क्षणभर दोन खांब दिसतात, नजर चाळवते, आणि मग एकदम लेण्याचे खांब पुढे येतात, मूर्ती मागे जाते, मधली हवासुद्धा दिसायला लागते. ही खोली पुठ्ठ्यावर कुठेही नाही. डाव्या फोटोत नाही, उजव्यात नाही. ती बघणाऱ्याच्या डोक्यात तयार होते, आणि यंत्र खाली ठेवलं की जाते. अंधाऱ्या लेण्यातली चित्रं कॅनव्हासवर आणायला वर्षं घालवलेल्या माणसानं शेवटी निम्मं काम बघणाऱ्यावर सोपवणारं तंत्र निवडावं! एका डोळ्यानं अधू असलेल्या माणसाला ते दोन सपाट फोटोच दिसतात.

साध्या, एकट्या फोटोतही बघणारा हे जोडकाम करतोच. तिथं दुसरं चित्र त्याच्या पदरचं असतं. आणि पदरी काहीच नसलं, तर ते चित्र पुरवायला मथळा टपलेला असतो.

मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकी छायाचित्रकर्तीचा १९३७ मधला एक फोटो जगभर छापला गेला आहे. रस्त्यावर कृष्णवर्णीय माणसं रांगेत उभी, हातात बादल्या-पिशव्या. त्यांच्या डोक्यावर भिंतभर जाहिरात: मोटारीत बसलेलं हसरं गोरं कुटुंब, सोबत कुत्रा, आणि वर मोठ्या अक्षरांत 'जगातलं सर्वांत उंच राहणीमान'. हा फोटो बघणाऱ्या पिढ्यान्पिढ्यांनी ठरवून टाकलं की ही महामंदीतल्या बेकारांची रांग. प्रत्यक्षात ती माणसं लुईव्हिल शहरात ओहायो नदीच्या पुरानं बेघर झालेली होती आणि मदतीसाठी उभी होती. आमच्याकडचा एखादा आजोबा असता तर त्यानं पहिल्या फटक्यात विचारलं असतं, "या लोके कसानी लाइनमा उभा शेतस?" आणि कुणाला तरी उत्तर शोधून आणावं लागलं असतं.

तरी एक कबूल करायला हवं. मंदीची रांग समजून ज्यांनी तो फोटो बघितला त्यांचा तपशील चुकला, पण टोचलं ते बरोबर जागी. वरचं हसणं आणि खालची रांग यांतलं अंतर पुरानं आलेलं नव्हतं. म्हणजे फोटो चुकीचा वाचूनही माणूस बरोबर जागी पोचू शकतो. हे मला पचायला जड जातं, पण तसं आहे.

उलटंही होतं. सगळा तपशील बरोबर, आणि वाचन साफ आडरानात. होळीच्या दिवसांत सातपुड्यात काठी गावाला जा. अक्कलकुवा तालुक्यातली ही राजवाडी होळी, रात्रभर नाच चालतो आणि पहाटे होळी पेटते. नवस बोललेले पुरुष अंगावर पांढरे ठिपके-नक्षी काढून, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप आणि कमरेला घुंगरं-भोपळे बांधून येतात. जितके नाचणारे, जवळजवळ तितकेच अलीकडे कॅमेरे. तिथल्या फोटोंचं एक मोठं प्रदर्शन मी बघितलं होतं. एका चौकटीत दहा-अकरा वर्षांचा पोरगा, अंगावर नक्षी, भिंगाकडे सरळ रोखलेली नजर, भुवया आवळलेल्या, ओठ घट्ट. खाली नाव: 'निरागस'. लोक येत होते, वाचत होते आणि हसून म्हणत होते, खरंच किती निरागस.

मला तो पोरगा वैतागलेला दिसला. रात्रभराचं जागरण, पायांत घुंगरांचं ओझं, आणि वर कुणीतरी अनोळखी माणूस पहाटेच्या उजेडात तोंडाशी भिंग आणतोय. अर्थात 'वैतागलेला' हाही माझाच मथळा, मी तो मनातल्या मनात लावला इतकंच. त्याच्या मनात आणखी तिसरंच काही असेल, भूकही असेल. पण त्या दालनात 'हाऊ कोन शे' हे कुणी विचारलं नाही. शहरातल्या दालनात तो प्रश्न गावंढळ ठरतो ना. नाव-गाव विचारलं असतं तर पोरगा पोरगा झाला असता. न विचारल्यामुळे तो 'आदिवासी संस्कृती' झाला, आणि फोटोला बक्षीसही मिळालं. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोड्यांचं याहून बरं चालतं, तिथं निदान घोड्याची जात, किंमत आणि मालकाचं गाव तरी फोटोखाली येतं.

आता घरचा फोटो. माझ्या आजीचा एकटीचा फोटो कधी काढलाच गेला नव्हता. ती गेल्यावर गंधमुक्तीसाठी फोटो हवा म्हणून शोधाशोध झाली, तेव्हा कुणाच्या तरी लग्नातला एक ग्रुप फोटो सापडला. स्टुडिओवाल्यानं त्यातून आजी कापून वेगळी काढली, मोठी केली, आजूबाजूला निळा-करडा रंग भरला. तो फोटो आमच्या ओटीवर लागला, काचेवर कपाळाच्या जागी कुंकू लागलं, आणि मोठं होईपर्यंत आम्ही तोच बघत आलो. त्यात आजीच्या डाव्या खांद्यावर चार बोटं आहेत. कुणाची तरी चार बोटं, दुसऱ्या सांध्यापासून पुढची, खांद्यावर ठेवलेली. बाकीचा माणूस कापला गेला. बोटं पदरावर इतकी घट्ट बसली होती की त्या काळच्या स्टुडिओवाल्याला ती काढता आली नसावीत, किंवा त्यानं कंटाळा केला असावा.

मूळ ग्रुप फोटो पुढे हरवला. त्यामुळे बोटं कुणाची हा आमच्या घरात कायमचा खुला विषय. फुई म्हणते तिच्या मावशीची, कारण आजीच्या अंगाला असा सहज हात लावणारी तीच एक होती. आप्पा, म्हणजे थोरले काका, म्हणतात बोटं पुरुषाची आहेत, म्हणजे आजोबांची. त्यावर सगळ्या बायका हसतात. त्या काळात, चारचौघांत, बायकोच्या खांद्यावर हात? आजोबांनी? घरातल्या धाकट्या सुनेला मात्र तेच खरं असावंसं वाटतं. माझा कौल रोज बदलतो. बोटं जाड आहेत, पण शेतात राबणाऱ्या बाईची बोटंही जाडच असतात. नखं दिसत नाहीत, तिथं फोटोचा दाणा फुटलेला आहे. जितकं जवळ जावं तितकी बोटं ठिपके होत जातात.

मागच्या वर्षी फोटोला बुरशी धरली म्हणून आप्पांनी तो धुळ्यात एका दुकानात नवा करायला दिला. तिथला पोरगा उत्साही. म्हणाला, "आप्पा, हा हात काढून टाकू ना? एका मिनिटाचं काम आहे, एआय करतं आता." आप्पा म्हणाले, काढ. फुईला हे फोनवर कळलं आणि तिनं असा काही धिंगाणा घातला की शेवटी दोन प्रती निघाल्या, एक हातासकट अमळनेरला, एक बिनहाताची धुळ्याला. आप्पांची प्रत खरोखर झकास आली. खांदा मोकळा, पदराचा काठ मानेपासून खालपर्यंत सलग, कुठे जोड नाही की डाग नाही. मला तर खरं-खोटं ओळखता आलं नसतं.

दिवाळीला फुई धुळ्याला आली. पाणीसुद्धा न घेता ती फोटोसमोर उभी राहिली, चष्मा पुसला, परत लावला.

"आप्पा," ती म्हणाली, "हाऊ काठ कोना शे? असा काठनं लुगडं मायकडे नव्हतं."

आप्पांनी पेपर खाली न घेताच विचारलं, काठ कोण बघतं?

"मी देखस ना," फुई म्हणाली, आणि मग पाणी मागितलं.